पाळकांचा सोमवार

ते हात सोडायचे नाहीत. विट्यातल्या एका लहानशा चर्चच्या मागे पत्र्याची एक खोली होती, तिच्या दारात ते उभे असायचे, आणि आपण चपला काढत असतानाच आपला उजवा हात त्यांच्या दोन्ही हातांत गेलेला असायचा. "कसं हायसा?" आपण म्हणायचं, "बरं आहे, प्रभूची कृपा आहे." त्यावर ते मान हलवायचे, पण पकड तशीच. "कृपा हाय ते मला ठावं हाय. तुमी कसं हायसा?" मग एखादं खरं वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत सुटका नाही. पाठ धरलीय, झोप लागत नाही, बायको बोलत नाही, काहीही चालायचं. खरं असलं की ते हात सोडून म्हणायचे, "बसा आता. च्या घ्या."

मी पाळक आहे. कराडला लागून असलेल्या मलकापूरच्या मंडळीत गेली वीस वर्षं सेवा करतो. मंडळी म्हणजे आमच्याकडे चर्चमधली माणसं. तुमच्यापैकी ज्यांनी पाळक लांबूनच पाहिला असेल, त्यांनी तो रविवारी पाहिलेला असणार. इस्त्रीचा पांढरा झगा, खणखणीत आवाज, प्रत्येकाच्या पोराबाळांची नावं तोंडपाठ. सोमवारचा पाळक कुणी पाहत नाही. आदल्या दिवशी शंभर माणसांना धीर वाटून तो घरी आलेला असतो आणि सोमवारी सकाळी त्याच्याजवळ स्वतःपुरताही धीर उरलेला नसतो. लोकांना अडचण आली की ते पाळकाकडे येतात. पाळकाने कुणाकडे जायचं? वरिष्ठांना सांगावं तर बदलीचा कागद निघतो आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांना सांगावं तर गावभर होतं.

हे विट्याच्या त्या पाळकांना फार आधी कळलं होतं. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकरा वाजता ते आम्हा पाळकांना विट्याला बोलवायचे. सांगली, तासगाव, आटपाडी, कराड, सगळ्यांना विटा त्यातल्या त्यात मध्ये पडतं. आम्ही सहा-सात जण असायचो. एरवी आम्ही एका सतरंजीवर बसणारी माणसं नव्हे. कुणी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतो, कुणी मोठ्या माणसाला हौदात बुडवून देतो. कुणी झगा घालतो, कुणी जीन्स घालून कीबोर्डवर गातो. आमच्यात एकमेकांची माणसं पळवल्याचे रागही होते. पण त्यांचा फोन आला की नाही म्हणता येत नसे. ते आमच्यापेक्षा वयाने बरेच मोठे, आणि मूळचे माण तालुक्यातले. रविवारी व्यासपीठावर शुद्ध भाषेत बोलायचे आणि सोमवारी माणदेशी. मला त्यांची सोमवारची भाषा जास्त खरी वाटायची.

त्या खोलीचे नियम होते, पण ते कुठे लिहिलेले नव्हते. पहिला नियम, आकडा सांगायचा नाही. आमच्या लोकांना आकड्यांचं भारी वेड. किती जण उपासनेला आले, किती बाप्तिस्मे झाले, किती ताटं उठली. सांगलीच्या पाळकांची मंडळी मोठी, गाडी मोठी, आवाजही मोठा. पहिल्याच बैठकीला त्यांनी बसता बसता सुरू केलं, "यंदा नाताळच्या जेवणाला आमच्याकडे चारशे ताटं..."

"कप धुवायचं मागल्या अंगाला," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"आकडा काढला की कप धुवायचं. साबण खिडकीत हाय."

सांगलीच्या पाळकांना वाटलं थट्टा चाललीय. थट्टा नव्हती. बिचाऱ्यांनी जवळजवळ वर्षभर सगळ्यांचे कप धुतले. शेवटी शेवटी ते कप धुता धुता मोकळेपणाने गाणं म्हणायचे, आणि मला सांगायलाच हवं, त्या माणसाशी माझी खरी ओळख त्या मोरीपाशी झाली.

दुसरा नियम, सल्ला द्यायचा नाही. कुणी आपलं दुखणं सांगायला लागलं की आमच्यातल्या प्रत्येकाला लगेच बायबलमधलं एक वचन आठवतं आणि त्याचे तीन मुद्दे पडतात. कुणी घसा खाकरला की ते बोट वर करायचे. "उपदेश रविवारी. आज सोमवार हाय."

आणि मग खुर्ची. चहापोहे झाले की एक लाकडी खुर्ची मधे ठेवायची आणि ज्याचा नंबर असेल त्याने तिच्यावर बसायचं. काय असेल ते बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, आणि त्याचं संपलं की सगळ्यांनी उठून त्याच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणं हे आमचं रोजचं काम आहे. आजारी म्हातारी असो, बारावीच्या परीक्षेला निघालेली पोरगी असो, हात ठेवायचा. पण पाळकाच्या डोक्यावर कोण ठेवणार? माझ्या दीक्षाविधीला वरिष्ठांनी ठेवला होता. त्यानंतर मी त्या खुर्चीत बसेपर्यंत कुणाचा हात माझ्या डोक्यावर आला नव्हता. तासगावचे पाळक तरुण, त्यांची मंडळी स्वतंत्र, दर वाक्याला हालेलुया म्हणणारा माणूस. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माईक हातात नसला की मला फार भीती वाटते." एवढंच बोलले आणि रडले. आम्ही त्यांना तोपर्यंत उथळ समजत होतो.

माझं काय झालं तेही सांगतो. आमच्या मंडळीत दोन तट पडले होते. कारण इतकं क्षुल्लक की आता लिहायला लाज वाटते. खिडक्यांना कोणता रंग द्यायचा यावरून सुरू झालं आणि पाळक आमच्या बाजूचा नाही असं दोन्ही तटांचं मत झालं. एका रविवारी मी उपासनेला गेलो तर चर्चचं कुलूप बदललेलं. किल्ली कुणाकडे आहे ते कुणी सांगेना. दुसऱ्या दिवशी पहिला सोमवार होता. मी खुर्चीत बसून कुलपाची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी हात ठेवले, प्रार्थना झाली, कुणी काही सुचवलं नाही. मी थोडा नाराजच झालो. मला वाटलं, नुसत्या प्रार्थनेने कुलूप उघडतं का?

पुढच्या रविवारी सकाळी मी चर्चवर गेलो तर हे पायरीवर बसलेले. पहिल्या एसटीने आले होते. आपल्या मंडळीची उपासना त्यांनी त्या दिवशी संध्याकाळवर ढकलली होती. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही इथे?"

"पायरीला कुलूप न्हाई न्हवं? बसा."

मी त्यांच्या शेजारी बसलो. लोक यायला लागले. दोन पाळक झगे घडी करून मांडीवर घेऊन पायरीवर बसलेत, हे बघून लोक फाटकातच थबकायचे. ते प्रत्येकाला सलाम करायचे, पोरांची चौकशी करायचे, पण कुलपाबद्दल एक अक्षर नाही. अर्ध्या तासाने एक पंच मान खाली घालून आला आणि त्याने दार उघडलं. उपासना झाली. जेवायला थांबा म्हणालो तर थांबले नाहीत. संध्याकाळची उपासना होती त्यांची. मी आज मलकापुरात आहे तो त्या पायरीमुळे, हे मी तेव्हाही जाणून होतो. म्हणूनच पुढचं सांगणं मला जड जातं.

त्यांचा स्वतःचा नंबर आला की ते तो पुढे ढकलायचे. "आवं, मला काय धाड भरलीय? आटपाडीकरांना बसू द्या, त्यांची मान बगा कशी पडलीय." आम्हालाही ते सोयीचं होतं. ते खांब होते आणि खांबाला कुणी कसं काय विचारत नाही. त्यांच्या पत्नी, पाळकीणबाई, पोहे आणून ठेवायच्या आणि दारात क्षणभर उभ्या राहायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "समद्यांचं ऐकत्यात. घरी आलं की भिंतीकडं तोंड करून बसत्यात. त्यांचं बी ऐका कवातरी." मी हो म्हणालो. विसरलो.

मग लॉकडाऊन आला आणि सोमवार बंद पडले. तासगावच्या पाळकांनी मोबाईलवर ग्रुप काढला. रोज सकाळी वचन, गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात. कुणी लिहायचं, अमुक आजारी आहे, की खाली एकापाठोपाठ एक जोडलेल्या हातांची रांग. फार सोपं झालं ते. कुणाचा चेहरा बघायला नको आणि विट्याला जायला नको. लॉकडाऊन उठला तरी आम्ही तिथेच राहिलो. त्यांनी पुन्हा पहिल्या सोमवारी बोलवायला सुरुवात केली तेव्हा कधी तिघे यायचे, कधी दोघे. मी त्यांना म्हणालो होतो, "साहेब, ग्रुपवर तर रोजच भेट होते." त्यांनी माझ्या फोनकडे बघितलं. "ह्या हातांला ऊब न्हाई ओ, पाळक." मी हसलो. मला वाटलं, म्हातारपण.

त्याच सुमारास पाळकीणबाई गेल्या. साखरेने किडन्या गेल्या होत्या. दफनाला आम्ही पाच पाळक हजर होतो, आणि त्या दिवशी आम्ही जे केलं ते फक्त पाळकच करू शकतात. दफनविधी चालवायला वरिष्ठ येणार होते, त्यांची गाडी वाटेत बंद पडली. पेटी कबरीपाशी आणलेली. आता विधी कुणी सुरू करायचा? सांगलीचे पाळक म्हणाले, जवळच्या माणसाने करावा, आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, मी दुसऱ्या संस्थेचा, तुमच्या कबरस्तानात मी विधीचं पुस्तक उघडलं तर उद्या वरिष्ठांचं पत्र येईल. तासगावचे म्हणाले, आमच्यात पुस्तकच नसतं, मी मनाने प्रार्थना करीन, पण ती पंचांना चालेल का ते विचारा. आटपाडीचे म्हणाले, ज्येष्ठतेप्रमाणे जावं. अगदी हलक्या आवाजात, अगदी आदराने आमचं हे चाललं होतं. आपण किती नम्र आहोत असंच प्रत्येकाला वाटत असणार.

तेवढ्यात त्यांनी एका पंचाच्या हातातून पुस्तक घेतलं. चष्मा लावला आणि स्वतःच्या बायकोचा दफनविधी स्वतः वाचायला लागले. 'मातीला माती' या वाक्याशी थांबले, खाली वाकून मूठभर माती पेटीवर सोडली, हात धोतराला पुसला, पुन्हा वाचायला लागले. एकही शब्द चुकला नाही. परतताना सांगलीच्या पाळकांच्या गाडीत आम्ही म्हणालो, काय धीराचा माणूस! खरंच म्हणालो आम्ही असं. लिहिताना आज मला माझं थोबाड फोडून घ्यावंसं वाटतं.

त्यानंतर त्यांच्या मंडळीतून बातम्या येऊ लागल्या. पाळकांचा उपदेश दहा मिनिटांत संपतो. प्रार्थना करताना मधेच थांबतात, लोकांना वाटतं आमेन झालं. एकदा प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा प्याला हातात घेऊन नुसते उभेच राहिले. पंच सरळ माणसं होती, पण मंडळी तरी किती दिवस अशी चालणार? त्यांनी विचारलं, पुढे सेवा करणार की निवृत्त होणार ते सांगा. तुम्ही म्हणाल ते आम्हाला मान्य.

आणि मग मला त्यांचा फोन आला. ग्रुपवर लिहिलं नाही त्यांनी, प्रत्येकाला वेगळा फोन केला.

"पाळक, या सोमवारी माझा नंबर घ्यायचा म्हणतो."

"बरं झालं साहेब. घ्यायलाच हवा."

"न्हाई, ऐका. तिला मातीत ठिवल्यापास्नं आत समदं कोरडं पडलंय बगा. पुलपिटावर हुबा ऱ्हातो आन् आतनं काय येतच न्हाई. चाळीस वर्सं केलं त्येच आता येत न्हाई. ऱ्हाऊ का सोडू, मला कळंना. मंगळवारी पंचांना सांगायचंय. तुमी समदी हात ठिवा, म्हंजी कळंल. येताय न्हवं?"

"येतो साहेब."

येतो म्हणालो मी. दुसऱ्या कुणाचं मी सांगत नाही.

त्या शनिवारी आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या पंचाने, ज्यांचा ऊस दरवर्षी सगळ्यात आधी कारखान्याला जातो त्यांनी, नवा ट्रॅक्टर घेतला. शोरूममधून सोमवारी मिळणार, अकरा वाजता दारात येणार, तर पाळकसाहेबांनी प्रार्थना करूनच चाक पुढे जाईल. मी म्हणालो, सोमवारी मला विट्याला जायचंय, मंगळवारी करू. त्यांचा चेहरा पडला. खिडक्यांच्या रंगाच्या वेळी ते पहिल्यांदा विरोधात होते आणि नंतर माझ्या बाजूला आले होते. मी हिशेब केला. विट्याला सांगलीचे असतील, तासगावचे असतील, आटपाडीचे तर घरच्यासारखेच. एक हात कमी पडला म्हणून काय बिघडतं?

सोमवारी अकरा वाजता मी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होतो. झेंडूचा हार, हिरवा कोरा रंग, भोवती भावकी. चालवणाऱ्याला सांभाळ, नांगराला बळ दे, दुसऱ्याच्या जिवाला यापासून अपाय होऊ देऊ नकोस. छान झाली प्रार्थना. पेढे मिळाले. जेवण झालं. निघताना मी ग्रुपवर लिहिलं, "साहेब, अचानक सेवा निघाली. प्रार्थनेत आहे." आणि जोडलेले हात टाकले. तेव्हा मला दिसलं की माझ्या आधीही तिथे तीन जणांचे जोडलेले हात होते.

सांगलीच्या पाळकांच्या मंडळीत साखरपुडा निघाला होता. तासगावच्या पाळकांना मोबाईलवर संदेश रेकॉर्ड करायचा होता. आटपाडीच्या पाळकांना ताप होता, आणि तो खरा होता. आम्ही सगळ्यांनी तोच हिशेब केला होता, बाकीचे असतीलच.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, ट्रॅक्टर पळून जाणार होता का?" मी तिच्यावर ओरडलो. ओरडायला दुसरं कुणी नव्हतं.

त्या सोमवारी तिथे काय झालं ते मला पंधरा दिवसांनी त्यांच्या चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशीकडून कळलं. पाळकीणबाई गेल्यापासून पोहे तीच करायची. तोवर त्यांनी पंचांना उत्तर देऊन टाकलं होतं, आणि ते ऐकून मी धावत विट्याला गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. मावशी पायरीवर झाडू घेऊन बसली होती. तिने मला बस म्हटलं नाही.

"साडेधापास्नं दारात हुबं हुतं," ती म्हणाली. "सतरंजी सोता हातरली. खुर्ची सोता मदी ठिवली. गाडीचा आवाज आला की रस्त्यापातूर जायचं आन् माघारी यायचं. बारा वाजलं, म्या म्हणलं, पाळकसायेब, पोहं गार झालं. म्हणलं, ऱ्हाऊ दे, येतील. मग फोन बगितला आन् बसलं त्या खुर्चीत. एकलंच."

"मग?"

"मग काय? लय येळ बसलं. मला बगवंना. म्या म्हणलं, सायेब, मी ठिवू का हात? माजा चालत असंल तर." तिने पदराने नाक पुसलं. "तर म्हणलं, तुजा चालतोय गं बाय, देवाला लय चालतोय. पर मला त्यांचा पायजे हुता. त्येनी काय म्हणलं असतं त्ये मला ऐकायचं हुतं."

मावशी उठली आणि झाडू मारायला लागली, माझ्या पायाशी आली तरी थांबली नाही.

यानंतर आम्हाला एकदम सहभागितेचं, म्हणजे एकमेकांच्या सोबतीने चालण्याचं, महत्त्व पटलं. तुम्ही आमच्यासारख्या लोकांना जवळून बघितलं नसेल तर तुम्हाला नवल वाटेल, मला वाटत नाही. वर्षाच्या आतच सांगलीत मोठा मेळावा भरला. साताऱ्यापासून जतपर्यंतचे पाळक. स्टेजवर फलक, "पाळकांची सहभागिता : काळाची गरज." आधी स्तुतिगीतं, मग तीन सत्रं, दुपारी बिर्याणी. आणि सहभागितेच्या मोलाविषयी बोलायला मला बोलावलं, कारण विट्याच्या जुन्या बैठकांचा अनुभव मला होता. मी चाळीस मिनिटं बोललो. पायरीवरची गोष्ट सांगितली. लोक डोळे पुसत होते. ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली नाही. एक तरुण पाळक शेवटी उठून म्हणाला, "त्या साहेबांना आज इथे बोलवायला हवं होतं." सांगलीचे पाळक माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना. मग कुणीतरी आभार मानले. जेवणाआधी संयोजकांनी माईकवरून उपस्थितीचा आकडा सांगितला आणि टाळ्या पडल्या.

बिर्याणी मला गिळवली नाही. दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढली आणि वडूजवरून दहिवडीकडे निघालो. ते तिकडे धाकट्या भावाच्या मळ्यावर राहतात एवढं ऐकलं होतं. मळा म्हणायचा म्हणून, दोन कडुनिंब आणि कुसळं. भावाची पोरं मुंबईत, घरात भाऊ, भावजय आणि हे. मी पोचलो तेव्हा ते शेळीची धार काढत होते. हात ओले होते, म्हणून त्यांनी लांबूनच सलाम केला.

"वाट गावली न्हवं?"

"विचारत विचारत आलो."

वाळले होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दाढी वाढलेली. भावजयीने बाजरीची भाकरी आणि मटकीची आमटी वाढली. ते शेळ्यांबद्दल बोलले, तिन्हींची नावं सांगितली. चाऱ्याचं बोलले. मलकापूरची चौकशी केली, माझ्या बायकोची तब्येत विचारली. कुठेही टोमणा नाही. मला टोमणा हवा होता.

"साहेब," मी शेवटी म्हणालो, "त्या सोमवारी मी यायला पाहिजे होतं."

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या हो, काम असतं माणसाला. आमच्यात सगळे असंच म्हणतात.

"व्हय," ते म्हणाले. "यायला पायजे हुतं."

"मला माफ करा."

"केलं की. तवाच केलं." त्यांनी ताट बाजूला सारलं. "पर मंगळवारी पंच आलं. मला म्हणलं, काय ठरलं? म्या म्हणलं, सोडतो. आतनं काय आवाज आला म्हणून न्हाई सोडलं, पाळक. कुणीच आलं न्हाई, तवा म्हणलं ह्योच निरोप असंल."

"साहेब, तो निरोप नव्हता. आमचा हलगर्जीपणा होता."

"आता त्ये कसं कळायचं?"

उपदेश करणारा माणूस मी, पण मी विषय बदलला. विचारलं, उपासनेला जाता का. म्हणाले, दहिवडीत एका घरी सभा भरते, तिथे मागे बसतो, कुणी ओळखत नाही. आणि प्रार्थना?

"न्हाई येत," ते म्हणाले. एखाद्याने पोहायला येत नाही म्हणावं, इतक्या साध्या आवाजात.

उन्हं कलली तसा मी उठलो. प्रार्थना केल्याशिवाय पाळक कुणाच्या घरातून निघत नाही, ही आमची रीत. मी त्यांना म्हणालो, "साहेब, तुम्ही करा." त्यांनी मान हलवली. "तुमी करा."

"हात ठेवू का?"

त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि डोक्याचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला. ते बाजेवर बसले होते, मी समोर उभा राहिलो. इतकी वर्षं त्यांना ओळखत होतो, पण त्या डोक्यावर माझा हात पहिल्यांदाच पडत होता. केस विरळ, कातडी तापलेली. मला वाटलं होतं, निदान आज माझे शब्द अडतील. पण नाही अडले. वीस वर्षांची सवय. एकामागून एक वाक्यं आली, व्यवस्थित, योग्य जागी थांबत. मी आमेन म्हणालो. दारात उभी असलेली त्यांची भावजय आमेन म्हणाली. भाऊ म्हणाला.

मी त्यांच्या आमेनची वाट बघत हात तसाच ठेवला. डोळे उघडून पाहिलं तर त्यांचे डोळे उघडेच होते, बहुतेक सगळा वेळ, आणि ते गोठ्याकडे बघत होते.

"काडा आता हात," ते हळूच म्हणाले. "शेळ्या पाण्यावर न्यायच्यात."

मी हात काढला.